खांबावरचा शेजारी

आमच्या घरी वीज गेली, की आई प्रथम पवित्र मातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावी आणि मग स्वयंपाकघरातील कंदील शोधावयास जाई. “आधी तिच्यापुढे उजेड, मग आपल्यापुढे,” असे ती म्हणे. हा क्रम आम्ही भावंडांनी लहानपणापासून पाहिला आहे. परंतु २०२२ सालापासून तिच्या खोलीत मेणबत्ती लावता येत नाही. पन्नास वर्षे चुलीपुढे बसून तिने जो धूर घेतला, त्याने तिची फुफ्फुसे हळूहळू दुबळी होत गेली आणि आता तिला दिवसाचे किमान पंधरा तास ऑक्सिजन द्यावा लागतो. हवेतील ऑक्सिजन वेगळा काढून देणारे एक यंत्र तिच्या खाटेपाशी घुमत असते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्या वस्तूला तो असा काही जोर देतो, की ठिणगीचा डोंब व्हावा. म्हणून त्या खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, आगकाडी, सारे वर्ज्य. मातेची मूर्ती आम्ही बाहेरच्या खोलीत नेली. आईने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, “आता अंधारात तिला मी दिसायची नाही.”

आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. मलप्रभा नदी जेथे उगम पावते, ते कणकुंबी आमच्याच तालुक्यात. पावसाळा लागला, की घाटावरून येणारा वारा झाडे तारांवर लोळवितो आणि वीज जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात आलेला महापूर अजून कोणी विसरलेले नाही. तथापि तोवर अंधार म्हणजे आमच्या लेखी केवळ गैरसोय होती.

२०२३ च्या जुलैतील एका रात्री नऊच्या सुमारास वीज गेली. ऑक्सिजनचे यंत्र मोठ्याने शिटी वाजवून थांबले. अडीअडचणीला म्हणून आणून ठेवलेला सिलिंडर मी जोडला, परंतु तो अर्धाच भरलेला होता. दहा लिटरचा तो सिलिंडर पूर्ण भरला, तर त्यात दाबाखाली सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर या हिशेबाने अर्ध्या सिलिंडरचे सहा तास होतात. गणिताचा शिक्षक म्हणून मी चौतीस वर्षे मुलांना टाकी आणि नळ यांची उदाहरणे घातली. पण टाकी रिकामी होताना तिच्याकडे टक लावून बसणे म्हणजे काय, हे मला त्या रात्री समजले. काटा लाल पट्टीजवळ आला, तेव्हा दोन वाजून गेले होते. पावणेतीनला वीज आली. आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले आणि न बोलताच ठरले, की आता घरात जनरेटर पाहिजे.

जनरेटर घ्यावयाचा म्हटल्यावर सल्ल्याला तोटा नसतो. एकाने डिझेलचा घ्या म्हणून सांगितले, दुसऱ्याने इन्व्हर्टरवर भागेल असा हवाला दिला. बेळगावच्या दुकानदाराने घरात खोल्या किती आणि विहिरीवर पंप आहे काय, एवढेच विचारले आणि “पाच के.व्ही.ए.चा घ्या, पुढे कामाला येईल,” असा निकाल दिला. मीही मोठ्या यंत्राला जवळजवळ राजी झालो होतो. मोठे घेतले म्हणजे निर्धास्त, अशी आपली समजूत असते.

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी शाळेची एक जुनी वही काढली आणि म्हणाल्या, “अहो, घरात काय काय चालते ते लिहू नका. काय बंद पडून चालणार नाही, तेवढेच लिहा.” चौतीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मी वर्गात घातला नसेल.

पहिली ओळ अर्थातच आईच्या यंत्राची. त्याच्या पाठीवरील पट्टीवर ३५० वॅट असा आकडा होता. मग चार दिवे आणि दोन पंखे, मिळून २०० वॅटच्या आत. तिसरी ओळ त्यांनी फ्रीजची घातली, तेव्हा मी हरकत घेतली. एका रात्रीने दूध नासले तर नासू द्यावे, असे माझे मत. त्यावर त्या म्हणाल्या, “आणि शेजारच्या आजींचे इन्शुलिन?” इन्शुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश उष्णतेत ठेवाव्या लागतात. आपला फ्रीज बंद, तेव्हा आजींचाही बंद. फ्रीजची ओळ कायम झाली. चौथी ओळ मी पंपाची लिहिली. ती त्यांनी खोडली. “विहिरीवर रहाट आहे आणि देवाने तुम्हांला हात दिले आहेत.”

या एका खोडलेल्या ओळीने आमचा जनरेटर लहान केला. त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पण तेवढे काम करण्यासाठी पंपाची मोटर तारेतून हजारांहून अधिक वॅट ओढते, आणि सुरू होण्याच्या क्षणी तर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. तो एक क्षण निभावण्यासाठी यंत्र मोठे घ्यावे लागते. फ्रीजच्या मोटरीचेही तसेच, पण ती लहान असल्याने तिचा झटका सोसतो. पुन्हा दुकानदार के.व्ही.ए. सांगतो आणि आपण वॅट मोजतो. के.व्ही.ए.ला ०.८ ने गुणले, की किलोवॅट मिळतात, असा साधारण हिशेब आहे. त्याप्रमाणे तीन के.व्ही.ए. म्हणजे २४०० वॅट, आणि आमची वही तर बॅटऱ्या भरण्याचा भार धरूनही बाराशेच्या आसपास थांबत होती. उरलेली शक्ती फ्रीजच्या झटक्याला पुरेशी होती. गरजेहून फार मोठे इंजिन अल्प भारावर चालविले, तर ते इंधन फुकट जाळते. डिझेलचे इंजिन तसे फार वेळ चालले, तर त्यात काजळीही धरते. तेव्हा मोठे घेऊन निर्धास्त होण्याची कल्पना मी सोडून दिली.

आता बॅटऱ्यांविषयी. नुसता जनरेटर आईच्या कामाचा नव्हता, कारण वीज गेल्यापासून तो सुरू होईपर्यंत कोणी तरी पावसात बाहेर जाऊन तो चालू करावयास हवा. नुसता इन्व्हर्टरही पुरेसा नव्हता. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास अशी एक बॅटरी घेतली, तर गुणाकार १८०० वॅट-तास होतो. पण बॅटरी तळापर्यंत उपसावयाची नसते आणि वाटेत काही शक्ती वाया जाते. ते सोडून हातात हजार-बाराशे राहतात, म्हणजे आईच्या यंत्राला तीन तास. आम्ही दोन बॅटऱ्यांचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा इन्व्हर्टर घेतला. नुसते आईचे यंत्र आणि एक दिवा ठेवला, तर तो सहा तास निभावतो. वीज जाताच पापणी लवण्यापूर्वी तो भार उचलतो. जनरेटर त्याच्या मागे उभा राहतो. संध्याकाळी दहापर्यंत आणि पुढे दिवसा जनरेटर चालावा, त्याने बॅटऱ्या भराव्यात, आणि रात्र बॅटऱ्यांनी काढावी, असा बेत ठरला. तसा तो ठरण्याचे आणखी एक कारण होते. आजींची झोपण्याची खोली आमच्या मागील अंगणास लागून आहे. सरकारी नियमात निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ धरली आहे आणि तेव्हा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे. नियम नसता, तरी आजींची झोप होतीच.

इंधन पेट्रोलच ठरले, कारण एवढ्या लहान मापात पेट्रोलचे यंत्र हलके आणि स्वस्त पडते. त्याचे व्होल्टेज स्थिर राखण्याची सोय आहे ना, हे मात्र पाहून घेतले. दोरी ओढून सुरू करावयाचे यंत्र सहा-सात हजारांनी स्वस्त होते. येथेही आमच्या मंडळींनीच प्रश्न घातला, “तुम्ही बेळगावला गेला असाल आणि घरी मी नि आई, तर दोरी कोण ओढील?” आम्ही बटणाचे घेतले.

यंत्र घरी आले आणि ते ठेवावे कोठे, हा प्रश्न निघाला. पाऊस लागू नये म्हणून ओसरीच्या टोकाला ठेवावे, असे सर्वांचेच मत पडले. परंतु इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने ऑक्सिजन वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस डोके दुखते म्हणून पडतो आणि पुन्हा उठत नाही. आईला श्वास मिळावा म्हणून आणलेल्या यंत्राने तिचा श्वास कोंडावा, यासारखे दुर्दैव कोणते? जनरेटर घरात, ओसरीत, गोठ्यात किंवा बंद खोलीत चालवू नये. दारे-खिडक्यांपासून तो निदान वीस फूट दूर असावा. आम्ही अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या आणि आजींच्या खिडक्यांपासून सारखाच दूर, चारही बाजूंनी मोकळा असा पत्र्याचा मांडव घातला.

येथवर सारे ठीक झाले होते. चूक घडत होती ती पुढे, आणि ती माझ्या हातून घडत होती.

जनरेटरची वीज घरात घेण्यासाठी चेंजओव्हर स्विच बसवावा लागतो. दुकानदाराने तो वेगळा सांगितला होता, आणि त्याची जोडणी करावयाची, तर मुख्य पेटीचे कामही काढावे लागणार होते. खर्च अगोदरच अंदाजाबाहेर गेला होता. वायरमन भला माणूस. आमचे चार पैसे वाचावेत म्हणून त्याने तोड काढली. त्याने एक लांब वायर घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना पिना लावून दिल्या. एक टोक जनरेटरात, दुसरे ओसरीतील प्लगमध्ये, की सगळे घर उजळेल. “फक्त तेवढा मेन स्विच आधी बंद करा, म्हणजे झाले,” तो म्हणाला. मी प्रयोग करून पाहिला. घर उजळले. मी ती वायर वेटोळे करून खुंटीला अडकविली आणि स्वतःवर खूश झालो.

त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी, जो आता वीजखात्यात लाइनमन आहे, तारांवर आलेल्या फांद्या तोडावयास आमच्या आळीत आला. पाऊस लागला म्हणून ओसरीवर टेकला. चहा घेता घेता त्याची नजर खुंटीवर गेली.

“सर, ही वायर कशाला हो?”

मी मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने कप खाली ठेवला.

“बघा की सर,” तो म्हणाला, “खांबावरचा ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्ट घेतो आणि तुम्हांला २३० देतो. तुमच्या घरातून वीज उलटी बाहेर गेली, तर तोच ट्रान्सफॉर्मर तिला चढवून अकरा हजारांवर नेतो. आम्ही तिकडून लाइन बंद करून वर चढलेलो असतो. तार मेली आहे, असेच धरतो. तिला जमिनीशी जोडून मगच हात लावायचा, असा नियम आहे. पण पाऊस असतो, रात्र असते, लोक खाली ओरडत असतात.”

“पण मेन स्विच बंद करूनच लावायची ती वायर,” मी म्हणालो.

“करता ना सर. शंभरदा कराल. पण अंधारात, घाईत, आजी गुदमरताहेत अशा वेळी एकदा विसराल. माणूस विसरतो. चेंजओव्हरचा दांडा विसरत नाही. तो वर केला, तर सरकारी वीज, खाली केला, तर जनरेटर. दोन्ही एकदम जुळतच नाहीत.” आणि थोडे थांबून तो सहज बोलला, “गेल्या महिन्यात त्या रात्री पावणेतीनला वीज आली ना तुमच्याकडे? तेव्हा नाल्याजवळच्या खांबावर मीच होतो.”

मला काही बोलवेना. त्या रात्री सिलिंडरच्या काट्याकडे पाहत मी जी प्रार्थना करीत होतो, तिचे उत्तर पावसात भिजत खांबावर चढलेले होते, आणि मला त्याचा चेहराही ठाऊक नव्हता. तो सातवीत माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे. त्या रात्री आमच्या घरी जनरेटर असता, आणि ही वायर असती, आणि आईच्या घाबऱ्याने मी मेन स्विच विसरलो असतो, तर? हे वाक्य मी अजून मनातही पुरे करीत नाही. आई निजलेली आहे असे आम्ही समजत होतो, पण तिने सारे ऐकले होते. आतून तिचा आवाज आला, “ती वायर आधी तोड रे बाळा.” मी तिच्या देखत विळ्याने त्या वायरीचे तुकडे केले. चेंजओव्हर स्विच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम तोडणारा, चार दिवसांनी बसला.

प्रभूने शेजाऱ्यावर प्रीती करावयास सांगितले, ते आपण प्रत्येक रविवारी ऐकतो. शेजारी म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर कुंपणापलीकडचा माणूस येतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला, अंधारात, न दिसणाराही एक शेजारी असतो, हे मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी शिकलो.

आणखी एक धडा राहिला होता. त्या पावसाळ्यात जनरेटरने आपले काम चोख केले. पाऊस सरला, आणि मी त्याच्यावर कापड घातले ते २०२४ च्या मे महिन्यातील वळवापर्यंत काढले नाही. वळवाने संध्याकाळी सातला वीज नेली. इन्व्हर्टरने भार घेतला. मी बटण दाबले, इंजिन फिरले, पण पेटेना. आजींचा मुलगा कंदील घेऊन धावत आला. पेट्रोल शिळे झाले असेल म्हणून त्याने आपल्या मोटारसायकलमधील ताजे पेट्रोल काढून दिले. तरीही पेटेना. आठ महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट साका कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात बसला होता. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, ते हवेतील ओल ओढून घेते, त्याचाही त्रास होतो. वीज रात्री साडेअकराला आली, म्हणून निभावले. सकाळी मेकॅनिकने छिद्र साफ केले, तेव्हा यंत्र पहिल्याच फिरकीत सुरू झाले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखला मला लहानपणापासून थोडा टोचत असे. शहाण्या कुमारींनी आपल्यातले थोडे तेल इतरांना दिले असते, तर काय बिघडले असते, असे मला वाटे. एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा प्रश्न फादरांना विचारलाही होता. त्या वळवाच्या संध्याकाळी मला त्याचे उत्तर माझ्यापुरते मिळाले. शेजाऱ्याने तेल आनंदाने दिले. पण आठ महिने मी जी निगा राखावयाची, ती तो कोठून देणार? वरास यावयाला उशीर लागला, म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांत मी होतो.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्साहून परतल्यावर, न्याहारीपूर्वी, जनरेटर पंधरा मिनिटे भारावर चालवावयाचा, असा घरात नियम आहे. तेलाची पातळी पाहावयाची. पेट्रोल भरावयाचे ते यंत्र थंड असताना. पावसाळा संपला, की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावयाचे. पुढील महिन्यांत पंधरा मिनिटांपुरते ताजे पेट्रोल घालावयाचे आणि पुन्हा रिकामे करावयाचे. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना, तेही त्याच वेळी पाहावयाचे, कारण यंत्रे दोन झाली तरी दोन्ही यंत्रेच.

वाचकहो, आपणांपैकी कोणी असे यंत्र घेण्याच्या विचारात असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी एक वही घेऊन बसा, आणि शक्य झाल्यास घरच्या मंडळींनाही बसवा. काय बंद पडून चालणार नाही, तेवढे लिहा. मग यंत्र घराबाहेर कोठे ठेवणार, त्याचा आवाज कोणाच्या खिडकीत जाणार आणि तुम्ही नसताना ते कोण सुरू करणार, हे ठरवा. पैसे कमी पडले, तर यंत्र लहान घ्या, एक बॅटरी कमी घ्या. पण चेंजओव्हर स्विचचे पैसे वाचवू नका. ते तुमच्यासाठी खर्चावयाचे नसतात.

गेल्या पावसाळ्यात वीज सलग दोन दिवस नव्हती. फ्रीजमध्ये आजींच्या बाटल्या होत्या, ओसरीवर आळीतील मोबाइल फोन ओळीने लावले होते, आणि बाहेरच्या खोलीत मातेपुढे मेणबत्ती जळत होती. आई तिच्या खोलीत यंत्राच्या घुमण्यात संथपणे जपमाळ सांगत होती. अलीकडे ती शेवटी एक नमो मरीया अधिक म्हणते. पहिल्या दिवशी मी विचारले, की ही कोणासाठी?

“खांबावर जो असेल त्याच्यासाठी,” ती म्हणाली.